उचलून नेणाऱ्यांपासून सावध

वऱ्हाडात माणुसकीची टंचाई नाही, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाचं नुकसान याच माणुसकीनं जास्त केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. अमरावती असो की अकोला, पायऱ्यांपुढे खुर्ची थांबली की चार जण धावत येतात. ‘कायले टेन्शन घेता भाऊ, उचलून घेतो नं तुमाले!’ बँका, सरकारी कार्यालयं, मंगल कार्यालयं, सगळीकडे हेच. नको म्हटलं की आपण उद्धट ठरतो. उचलणाऱ्याच्या हातात खुर्चीचा निखळता हातच येतो, लघवीची नळी ओढली जाते, पाठ आखडते, ते एक वेळ सोडून देऊ. खरा तोटा वेगळाच आहे. तुम्ही एकदा उचलून वर गेलात की त्या इमारतीच्या दृष्टीनं अडचण संपली. काम झालं, तक्रार नोंदली गेली नाही, मग रॅम्प कशाला? तुमच्यामागून येणाऱ्या बाईला तिथेच पुन्हा चार अनोळखी पुरुषांच्या हातांत स्वतःला सोपवावं लागतं. म्हणून उचलून घ्यायला नकार देणं हा अहंकार नाही. दुसऱ्यासाठी बोलायची सुरुवातच तिथून होते.

हे फक्त आमच्या मागास भागातलं रडगाणं आहे, असं मुंबई-पुण्याकडच्यांना वाटेल. पण ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतच, खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात, चाकाच्या खुर्चीवरच्या विराली मोदी यांना स्वतःच्या लग्नासाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं. लिफ्ट नव्हती आणि अधिकारी खाली आले नाहीत. त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं, तेव्हा देवेंद्र फडणवीसांनी त्यांची माफी मागितली. लग्न तर लागलं होतं. त्या गप्प बसल्या असत्या तर त्या कार्यालयात सगळं सुरळीतच होतं.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा, त्याचे नियम जून 2017 चे. कलम 45 नुसार जुन्या सार्वजनिक इमारतीही नियमांनंतर पाच वर्षांत सुगम व्हायला हव्या होत्या, म्हणजे जून 2022 पर्यंत. ‘वेळ लागतो हो, निधी नसतो’ असं सांगणाऱ्यांना मी त्याच महिन्याची आठवण करून देतो. जून 2022 मध्येच अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर डांबराचा थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. आम्हालाही अभिमान वाटला. पण त्या गुळगुळीत रस्त्यावर धावणाऱ्या साध्या एसटीच्या दारात उंच पायऱ्या आणि मधोमध दांडा! भाड्यात आम्हाला 75 टक्के सवलत आहे. जिथे चढताच येत नाही तिथली सवलत देणाऱ्याला फार स्वस्त पडते.

‘खुर्चीवाले येतातच किती?’ हा सगळ्यांत आवडता प्रश्न. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. त्यातले सगळे खुर्चीवर नाहीत हे कबूल. पण पायऱ्या असलेल्या दारात माणसं मोजून कोणी येत नाही असा निष्कर्ष काढणं म्हणजे कुलूप लावून गिऱ्हाईक नाही म्हणण्यासारखं आहे. शिवाय रॅम्प झाल्यावर त्यावरून आधी चढतात ते गुडघे धरलेले आजोबा आणि पोटुशी सून. दुसरा आक्षेप जास्त गोड असतो: ‘तुम्ही कायले येता, आम्हीच घरी येतो.’ घरून मतदानाची सोय अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मोलाचीच आहे. पण ती केंद्रावरच्या रॅम्पच्या बदल्यात मिळत असेल तर आपण गावाला दिसायचं बंद होतो, आणि न दिसणाऱ्यासाठी कोणी खर्च करत नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे, म्हणून जास्त बोचतो: ‘आधी पोटाचं बघा, रॅम्प-बिम्प नंतर.’ अमरावती जिल्ह्याला दिव्यांगांसाठी भांडण्याची सवय आहे. अचलपूरच्या बच्चू कडूंनी जून 2025 मध्ये गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग केला, त्यात दिव्यांगांच्या मानधनवाढीची मागणी होती. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळानं दरमहा 1,500 चे 2,500 केले. ते हवंच होतं. पण खात्यात पैसे आले आणि बँकेच्या दारात तीन पायऱ्या, तर पैसे काढायला पुन्हा भाच्याची मनधरणी आलीच. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात का मावत नाहीत, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

नव्यानं खुर्चीवर आलेल्यांना, आणि त्यांच्या वतीनं बोलणाऱ्यांना, काही गोष्टी सांगतो. सोबत टेप ठेवा. एक इंच उंचीला किमान बारा इंच लांबी, हे माप पाठ करा. 45 सेंटीमीटर चढायला जवळजवळ साडेपाच मीटरचा उतार लागतो. दीड-दोन मीटरात ठोकलेली घसरगुंडी दाखवून ‘केला नं रॅम्प’ म्हणतील, तेव्हा टेप लावून फोटो काढा. नव्या इमारतीच्या बाबतीत कलम 44 पाहा: सुगमता नसेल तर पूर्णत्वाचा दाखलाच देता येत नाही. ‘ही नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत’ असं उत्तर आलं तर राजीव रतूडी खटल्याचा निकाल पुढे करा. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुगमतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियमच कायद्याविरुद्ध ठरवला आणि बंधनकारक नियम करायला सांगितलं. हे रतूडी दृष्टिहीन आहेत. त्यांनी 2005 मध्ये दाखल केलेल्या याचिकेचा फायदा माझ्या चाकांना होतो. आपल्यापुरतं मागणाऱ्यांनी याचा विचार करावा. वाटपाच्या कार्यक्रमात मिळणारी खुर्ची आपल्या मापाची नसेल तर फोटोसाठी घेऊ नका, पाठीवर आणि बुडाखाली जखमा होतात. एकटं जाऊ नका, कागद जपा, वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. आपल्या नगरपालिकेनं वा ग्रामपंचायतीनं तो कशावर खर्च केला, हे दहा रुपयांच्या माहिती अर्जात विचारा. दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, त्यांना साक्षीला बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तक्रार लेखी पाठवा. आणि माहिती अर्जाला ‘काम प्रस्तावित आहे’ एवढंच उत्तर आलं तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा. ती मुदत टळली की आजवर कायद्याचं नाव न काढलेला साहेबच तुम्हाला कलम वाचून दाखवतो.