सल्ला एका बांधावरून दुसऱ्या बांधावर कसा जातो? – मोजण्याचा एक धडा



आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे. काहींची घरे बेळगाव शहरात असली, तरी मूळ गावी भाताचे, उसाचे, भुईमुगाचे किंवा रताळ्याचे शेत असतेच. नवे बियाणे, खताची नवी मात्रा, लागवडीची नवी रीत यांची माहिती या शेतांपर्यंत कशी पोहोचते? कृषी खात्याचे कर्मचारी सांगतात, खताचा दुकानदार सांगतो, आकाशवाणीवर ऐकू येते, आता मोबाईलवरही दिसते. पण वडिलांना किंवा आजोबांना विचारलेत, तर पुष्कळदा उत्तर मिळेल, "शेजारच्या रानात बघितलं, मग आपणही केलं."

हे 'बघून करणे' मोजता येते का? येते, पण वाटते तितके सोपे नाही. जगातील तीन ठिकाणच्या अभ्यासांवरून ही मोजणी कशी करतात ते आपण पाहू आणि शेवटी आपल्या भागात करून पाहण्यासारखा एक स्वाध्याय देऊ.

१. ऐकणे वेगळे, करणे वेगळे

पहिला अभ्यास अमेरिकेतील आयोवा राज्यातला. तेथे १९२८ च्या सुमारास मक्याचे संकरित बियाणे शेतकऱ्यांना मिळू लागले. उत्पन्न जुन्या बियाण्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त येई, पण बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी तेथील दोन वस्त्यांमधील २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९४३ साली आपला लेख प्रसिद्ध केला. १९४१ पर्यंत दोघे सोडून बाकी सर्वांनी नवे बियाणे घेतले होते.

पण ही वाढ एकसारखी झाली नव्हती. पहिल्या पाच वर्षांत, म्हणजे १९३३ पर्यंत, जेमतेम १० टक्के शेतकरी पुढे आले. पुढच्या तीनच वर्षांत हा आकडा सुमारे ४० टक्क्यांवर गेला. आडव्या रेषेवर वर्षे आणि उभ्या रेषेवर शेतकऱ्यांची टक्केवारी मांडली, तर इंग्रजी 'एस' अक्षर ताणल्यासारखी वक्ररेषा मिळते. आधी सपाट, मग चढ, शेवटी पुन्हा सपाट. गणिताच्या वहीत आलेख काढून पाहा. समजा, ४० शेतकऱ्यांच्या गावात नवी रीत वापरणारे पहिल्या वर्षअखेर २, दुसऱ्या ५, तिसऱ्या १४, चौथ्या ३० आणि पाचव्या ३६ झाले. टक्केवारी काढा, बिंदू जोडा. तीच आकृती मिळेल.

या अभ्यासाची खरी युक्ती प्रश्नांत होती. 'तुम्ही प्रथम कधी ऐकले?' आणि 'तुम्ही प्रथम कधी पेरले?' हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे विचारले. तसेच 'कोणाकडून कळले?' आणि 'कोणामुळे पटले?' हेही वेगळे विचारले. उत्तरे बोलकी होती. ऐकणे आणि पेरणे यांत कित्येक वर्षे गेली होती. बियाण्याची बातमी पुष्कळांना विक्रेत्याकडून कळली होती. पण कोणामुळे पटले, याच्या उत्तरात सर्वांत जास्त वेळा आला तो शेजारी. शिवाय पटल्यावरही शेतकऱ्याने सगळे शेत एकदम नव्या बियाण्याखाली आणले नाही. आधी एका तुकड्यात पेरून पाहिले.

तेव्हा 'अमुक इतक्या लोकांना सल्ला दिला' हा आकडा म्हणजे सल्ला पसरल्याचे माप नव्हे. तो फक्त सांगितल्याचा हिशेब झाला.

२. शेजाऱ्याचे बघून केले, की दोघांनी एकच आभाळ बघितले?

मिरगाचा पाऊस झाला की सगळ्या गावात एकाच आठवड्यात पेरणी सुरू होते. म्हणून प्रत्येकाने शेजाऱ्याकडून पेरणी शिकली, असे कोणी म्हणत नाही. सर्वांनी एकच आभाळ बघितले, इतकेच. मोजणीतली ही मोठी अडचण आहे. दोन शेजारी सारखेच वागले, तर ते एकमेकांकडून शिकले म्हणून, की जमीन, पाऊस, दुकान आणि बाजारभाव सारखा म्हणून?

घानामध्ये टिमोथी कॉन्ली आणि क्रिस्टोफर उड्री या अर्थशास्त्रज्ञांनी ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला. १९९६ ते १९९८ या काळात गोळा केलेल्या माहितीवर आधारलेला त्यांचा लेख २०१० साली आला. दक्षिण घानातील शेतकरी तेव्हा निर्यातीसाठी अननस लावू लागले होते. पीक नवे होते, त्यामुळे खत किती घालावे हे कोणालाच पक्के ठाऊक नव्हते. संशोधकांनी शेतकऱ्यांना गावातील इतर शेतकऱ्यांची नावे सांगून 'यांच्याकडे शेतीचा सल्ला घेता का?' असे विचारले. म्हणजे घरे जवळ आहेत म्हणून ओळख धरून चालले नाहीत, ओळख विचारून घेतली.

मग प्रत्येक तुकड्यातील खत आणि नफा नोंदवला. अननसाची लागवड वेगवेगळ्या वेळी होत असल्याने कोणी आधी केले आणि कोणी नंतर, हे दिसत होते. असे आढळले की, सल्ला देणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याला अपेक्षेहून जास्त नफा झाला, तर पुढच्या लागवडीत ऐकणारा आपली खताची मात्रा त्याच्या मात्रेकडे सरकवी. अननसात नवखे असलेल्यांत हे अधिक दिसले.

आता त्यांची पडताळणी बघा. हाच हिशेब त्यांनी मका आणि कसावा या पिकांना लावला. ही पिके तेथे पिढ्यान्‌पिढ्या घेतली जातात, त्यांत शेजाऱ्याकडून नवे शिकण्यासारखे फार नसते. तेथे असा परिणाम दिसला नाही. सारखेपणा नुसता आभाळामुळे असता, तर तो याही पिकांत दिसायला हवा होता. विज्ञानाच्या तासाला आपण प्रयोगाशेजारी तुलनेची नळी ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

३. एकाने सांगून पुरते का?

१९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने भारतात 'प्रशिक्षण व भेट' योजना आली. कर्मचाऱ्याने ठरावीक दिवशी काही निवडक 'संपर्क शेतकऱ्यां'ना भेटायचे आणि त्यांच्याकडून सल्ला गावभर जाईल, असा तिचा हिशेब होता. पण निवडायचे कोणाला?

आफ्रिकेतील मलावी देशात लोरी बीमन, एरियल बेनयिशाय, जेरेमी मॅग्रुडर आणि मुश्फिक मुबारक यांनी २०० गावांत हाच प्रश्न घेतला. त्यांचा लेख २०२१ साली प्रसिद्ध झाला. सल्ला होता तो मका सऱ्यांऐवजी छोट्या खड्ड्यांत लावण्याचा; खड्ड्यात पाणी टिकते. प्रथम त्यांनी कोण कोणाशी बोलते याचा गावनकाशा तयार केला. मग, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, गावांची गटांत वाटणी केली. काही गावांत कृषी कर्मचाऱ्याने नेहमीप्रमाणे दोन शेतकरी निवडले, काही गावांत घरांच्या अंतरावरून, तर काही गावांत ओळखींच्या नकाशावरून. त्या दोघांनाच शिक्षण दिले आणि नंतर गावात काय झाले ते पाहिले. वाटणी चिठ्ठीने झाल्यामुळे चांगली जमीन किंवा चांगला पाऊस एकाच गटाच्या वाट्याला आला, अशी शंका उरत नाही.

निष्कर्ष असा, की बहुतेक शेतकऱ्यांना एकाने सांगून पुरत नाही. एकाहून अधिक ओळखीच्यांकडून कळले, तरच ते पाऊल उचलतात. म्हणून दोघे शिकलेले शेतकरी गावाच्या दोन टोकांना असण्यापेक्षा, ज्यांच्या ओळखीची माणसे सामाईक आहेत असे असले, तर उपयोग अधिक होतो.

मलावीतच झालेल्या आणखी एका अभ्यासाने सर्वांनाच विचार करायला लावले. शेतीची नवी रीत शिकवण्याचे काम काही ठिकाणी स्त्रियांकडे दिले होते. त्यांनी ती नीट शिकून लक्षात ठेवली. तरीही गावकऱ्यांनी त्यांना कमी जाणकार मानले आणि त्यांच्या सांगण्याकडे कमी लक्ष दिले. सल्ला अडला तो सांगणाऱ्याकडे नव्हे, ऐकणाऱ्याकडे. आपल्याकडे भातलावणीपासून मळणीपर्यंत आई, आजी, काकू राबत असतात. त्यांचे म्हणणे किती ऐकले जाते, हे पालकांनीही एकदा स्वतःला विचारावे.

४. उरलेले चार कोण?

वरच्या उदाहरणात पाच वर्षांनी ४० पैकी ३६ जण आले. अहवालात '९० टक्के यश' असे लिहिले जाईल. मोजणीचा खरा उपयोग मात्र उरलेल्या चौघांसाठी आहे. त्यांनी ऐकलेच नाही, की ऐकून पटले नाही, की पटूनही पैसे नव्हते? की करून पाहिले आणि त्यांच्या जमिनीत ते जमले नाही? चारही उत्तरांवर उपाय वेगवेगळे आहेत. शेवटच्या प्रसंगी तर तो शेतकरी मागासलेला नसून शहाणाच ठरतो. आपल्या सीमाभागात एकाच गावात मराठी आणि कन्नड बोलणारी घरे शेजारी नांदतात. सल्ला भाषेचा उंबरठा ओलांडतो का, हेही येथे मोजण्यासारखे आहे.

स्वाध्याय

सुट्टीत आपल्या किंवा नातेवाइकांच्या गावातील दहा शेतकऱ्यांना परवानगी घेऊन विचारा. गेल्या काही वर्षांत गावात आलेली एकच नवी गोष्ट निवडा. उदाहरणार्थ, ठिबक सिंचन किंवा एखादे नवे वाण.

१) हे प्रथम कधी आणि कोणाकडून ऐकले?
२) प्रथम कधी केले? आधी किती गुंठ्यांत?
३) कोणाचे बघून पटले? ती व्यक्ती एकच, की अनेक?
४) केले नसेल, तर का? करून सोडले असेल, तर का?
५) तुम्ही पुढे कोणाला सांगितले?

वहीत नावांऐवजी क्रमांक लिहा. प्रत्येक क्रमांकासाठी एक ठिपका काढा आणि ज्याने सांगितले त्याच्याकडून ज्याने ऐकले त्याच्याकडे बाण काढा. ज्या ठिपक्याकडे एकही बाण जात नाही, त्याच्याजवळ थोडे थांबा.

पालकांना विनंती, की मुले विचारायला आली तर त्यांना आठवून वर्षे सांगावीत. विश्वस्त मंडळींना एक सुचवावेसे वाटते. वक्ररेषा पूर्ण व्हायला दहा-बारा वर्षे लागतात आणि तोवर वर्गातील मुले बदललेली असतात. तेव्हा या नोंदींची एक वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी आणि दरवर्षीच्या वर्गाने तीत भर घालावी. मुले पुढे जातील, वही शाळेत राहील.