गिलाव्याआधी एवढं ठरव

अगं, तळमजल्याचा स्लॅब टाकून झाला, वरच्या मजल्याच्या विटा चढायला लागल्या हे ऐकून फार बरं वाटलं. तुझ्या सासऱ्यांनी भिलाईच्या कारखान्यात नोकरीला असताना घेऊन ठेवलेल्या त्या प्लॉटवर अखेर घर उभं राहतंय. आता लवकरच इलेक्ट्रिशियन झिरी मारायला येईल. तो यायच्या आधी माझं थोडं ऐक. टाइल्स कुठल्या, ओटा केवढा, देवघराचं तोंड कुठे, यावर घरात सगळेच बोलतात. इंटरनेटच्या आणि कॅमेऱ्याच्या तारांचं नाव काढलं की "हल्ली सगळं वायफायवर असतं, ते नंतर बघू" म्हणून विषय संपतो. तो संपू देऊ नकोस. आणि हे काम नुसतं जावईबापूंवर किंवा मिस्त्रीवर सोडू नकोस. मुलं कुठे अभ्यासाला बसतात, सासूबाईंचा व्हिडिओ कॉल कुठल्या खोलीत अडकतो, दुपारी दार कोण उघडतं, हे तुला जेवढं ठाऊक आहे तेवढं त्यांना नाही.

खुर्सीपार वस्तीतली घरं तुला माहीतच आहेत. अरुंद प्लॉट, भिंतीला भिंत, आणि जागा नाही म्हणून वर चढवत नेलेले मजले. तुमचंही तसंच होणार : खाली सासू-सासरे, मध्ये तुम्ही, वर भाडेकरू. मधल्या मजल्यावर राउटर ठेवला की वरखाली दोन्हीकडे भागेल असं वाटतं, पण सळ्यांचं जाळं घातलेला स्लॅब वायफाय अडवतो, त्यातही पाच गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा जास्तच. दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून जरा बरा जातो, पण त्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. गल्लीतल्या पंधरा-वीस घरांचे राउटर त्या तिन्हींवरच गर्दी करून असतात. म्हणून प्रत्येक मजल्यावर वायफायचा एक-एक स्वतंत्र डबा, आणि प्रत्येक डब्यापर्यंत भिंतीतून आलेली तार, हीच पद्धत टिकते. टीव्ही, अभ्यासाचं टेबल आणि कॅमेरे यांना तर थेट तारच दे. जे जागचं हलत नाही ते वायफायवर ठेवायचं कारणच नाही.

आधी एक जागा ठरव, जिथे सगळ्या तारा येऊन मिळतील. फायबरचा डबा, स्विच, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, सगळं तिथे. जिन्याखालची जागा सगळेच सुचवतील. ती घेऊ नकोस. तिथे ओल धरते, पुढे बादल्या आणि केरसुण्या येऊन बसतात, आणि बाहेरून शिरणाऱ्याच्या नजरेला पहिल्यांदा तेच पडतं. चोराने एनव्हीआरच उचलून नेला तर कॅमेरे असून नसून सारखेच. तुमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, दाराच्या उंचीच्या वर एक कोनाडा काढून घे, त्याला कुलूप लागेल असं जाळीचं दार बसव. जाळी हवीच. भिलाईचा मे महिना तुला सांगायला नको. बंद पेटीत ही यंत्रं तापून मरतात. त्या कोनाड्यात एक सॉकेट साधा आणि एक इन्व्हर्टरच्या लाइनवरचा काढायला सांग. चार कॅमेरे, एनव्हीआर आणि राउटर मिळून साधारण एका पंख्याएवढी वीज खातात, त्यामुळे इन्व्हर्टरला ओझं होत नाही. वीज जाताना राउटर क्षणभर बंद पडून परत सुरू होत असेल, तर बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मध्ये लाव.

आता पाइप. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण तार केव्हाही बदलता येते, गिलाव्याआत गेलेला पाइप बदलायचा तर भिंत फोडावी लागते. इंटरनेटचा पाइप विजेच्या पाइपापासून वेगळा असला पाहिजे. मिस्त्री म्हणेल, "दीदी, एक ही पाइप में निकाल देता हूँ, सब चलता है." ठामपणे नाही म्हण. दोन्हींच्या तारा एकत्र घालणं धोक्याचं आहे. विजेच्या तारेचं आवरण कुठे वितळलं तर २३० व्होल्ट थेट कॅमेऱ्याच्या तारेत उतरतात. दोन्ही पाइप शेजारून जात असतील तर निदान फूटभर अंतर ठेवायला लाव, आणि एकमेकांना ओलांडायचं झालं तर काटकोनात ओलांडू दे. पाइप पंचवीस मिलिमीटरचा घे आणि तो पुरता भरू नकोस, निम्म्याहून अधिक मोकळा राहू दे. वळणावर टोकदार एल्बो नको, लांब बेंड घे, आणि एका पाइपात दोनाहून जास्त वळणं आली तर मध्ये एक जंक्शन बॉक्स ठेव. प्रत्येक पाइपात ओढून घ्यायला एक जीआय तार सोडून ठेवायला सांग. आज रिकामा वाटणारा पाइप उद्या मुलीची खोली बदलली की उपयोगी पडतो.

एक पाइप खास फायबरसाठी. आपल्याकडे फायबर खांबावरून लोंबत येतं आणि गच्चीवर किंवा बाल्कनीत उतरतं. तिथून कोनाड्यापर्यंत पाइप नसला की कनेक्शनवाला खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो आणि हॉलभर खिळे मारत केबल नेतो. पाइपाचं बाहेरचं तोंड खाली वळवलेलं असू दे, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. आणि फायबर घडी पडेल असं वाकवू देऊ नकोस. आत काच असते. वाकली की प्रकाश गळतो, मग "नेट स्लो आहे" म्हणून महिनोन्महिने तक्रारी करत बसावं लागतं.

तार कॅट सिक्स घे. कॅट फाइव्ह-ई सुद्धा शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते, तुमच्या घराला आज तेवढं पुष्कळ आहे. पण दोन्हींच्या किमतीत फार अंतर नाही, मजुरी तर सारखीच लागते, आणि कॅट सिक्स पन्नासेक मीटरपर्यंत दहा गिगाबिट पेलते. खरी फसवणूक होते ती दुसरीकडेच. पॉवर हाऊसच्या बाजारात घे नाही तर सुपेल्याच्या, ३०५ मीटरच्या पेटीवर मोठ्या अक्षरात कॅट सिक्स छापलेलं असतं आणि आत तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार निघते. ती वाकवताना तुटते, तिचा रोध जास्त, आणि कॅमेऱ्याला तिच्यातूनच वीज द्यायची म्हटलं की लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की तो कॅमेरा बंद पडतो. दुकानातच तपासून घे. केबलचं टोक कापून आठातली एक बारीक तार बाहेर काढ, तिचं आवरण सोल आणि ब्लेडने हलकेच खरवड. खाली तांबूसच रंग राहिला तर शुद्ध तांबं. पांढरट चंदेरी दिसलं तर पेटी परत कर. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. ऊन-पावसात जाणारी केबल काळ्या, जाड आवरणाची घ्यावी लागते. करड्या आवरणाची उन्हात तडकते.

कॅमेऱ्यांचे दोन प्रकार तुला दाखवतील. एक जुन्या पद्धतीचा, डीव्हीआर आणि थ्री प्लस वन केबलचा. त्यात चित्राला एक वायर, विजेला दुसरी. दुसरा आयपी कॅमेरा, त्याला पीओई पद्धतीने एकाच कॅट सिक्समधून चित्रही जातं आणि वीजही येते. ही पद्धत २००३ साली प्रमाणित झाली, आणि त्या पहिल्या प्रमाणात एका तारेतून १५.४ वॉट सोडता येतात. घरगुती कॅमेऱ्याला यातले सात-आठ पुरतात. नवीन घर आहे, भिंती उघड्या आहेत, तू दुसराच घे. छज्ज्यावर कॅमेऱ्याजवळ अडॅप्टर लोंबत राहत नाही, आणि वीज गेली तरी कोनाड्यातल्या एका इन्व्हर्टर लाइनवर सगळे चालू राहतात.

किती कॅमेरे? तुमच्या घराला चार पुरे : गेट, जिन्याचं तोंड, गाड्या उभ्या राहतात ती जागा आणि गच्चीचं दार. उंची नऊ-दहा फुटांपलीकडे नेऊ नकोस. फार उंच लावला की येणाऱ्याची टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. गेट पूर्वेला आहे ना? मग तिथे डब्ल्यूडीआर, म्हणजे ऊन-सावली दोन्ही सांभाळण्याची सोय, असलेला कॅमेरा माग, नाही तर सकाळी उगवत्या उन्हासमोर माणूस नुसता काळा दिसेल. छज्ज्याच्या पांढऱ्या तळाला अगदी चिकटवलेला कॅमेरा रात्री स्वतःच्याच उजेडाने आंधळा होतो, थोडा खाली घे. कॅमेऱ्यामागचा जोड भिंतीतल्या बंद डब्यात असू दे, गल्लीतून हाताला लागेल असा नको; मोकळ्या जोडातून कुणीही लॅपटॉप जोडून घरच्या नेटवर्कमध्ये शिरू शकतो. आणि कारखान्याची बारीक धूळ काचेवर बसते, कोळी जाळी विणतात, तेव्हा महिन्यातून एकदा ओलं फडकं फिरवायला मुलाला सांग.

डिस्कचा हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच २६५ वर सेकंदाला साधारण दोन मेगाबिट लिहितो, म्हणजे दिवसाला २१-२२ जीबी. चार कॅमेऱ्यांचे ८५-८६. एक टेराबाइटमध्ये अकरा-बारा दिवस बसतात. गावी लग्नाला पंधरा दिवस गेलीस तर परत येईपर्यंत पहिले दिवस पुसलेले असतील. दोन टेराबाइट घे.

आता जे सांगते ते नीट ऐक, याचसाठी मी एवढं बोलायला बसले. घराच्या आत कॅमेरा लावू नकोस. स्वयंपाकघरात नको, हॉलमध्ये नको, सासू-सासऱ्यांच्या खोलीत "काळजीपोटी" म्हणूनही नको. बाई आपल्या घरात पदर सोडून बसते, बाळाला पाजते, रडते, भांडते. त्याचं चित्रण कुठल्याही डब्यात असायलाच नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतलं बायकांचं चित्रण इंटरनेटवर आलं आणि विकलं गेलं. कमकुवत पासवर्ड फोडून चोर कॅमेऱ्यात शिरले होते. त्या बायका तिथे उपचाराला गेल्या होत्या, त्यांची काय चूक? त्याच वर्षी कोलकाता उच्च न्यायालयाने, एकाच घरात राहणाऱ्या दोघा भावांच्या वादात, सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असं सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. हे तुमच्या भाडेकरूंनाही लागू धर. जिन्याच्या तोंडाचा कॅमेरा जिनाच पाहील, त्यांच्या दारात डोकावणार नाही, असा वळवून घे. समोरच्या घराची खिडकी चित्रात येत असेल तर एनव्हीआरच्या सेटिंगमध्ये तेवढा भाग झाकायची सोय असते, ती वापर. आणि भाडेकरूंचं इंटरनेट कनेक्शन त्यांच्याच नावावर वेगळं असू दे. तुमच्या लाइनवर कुणी काही गैर केलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

पासवर्डचं तेवढंच महत्त्वाचं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मिराई नावाच्या एका प्रोग्रॅमने जगभरचे लाखभर कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन्‌तास अडवून धरल्या. त्याच्याजवळ होती कंपनीनेच घालून दिलेल्या साठेक ठरावीक पासवर्डांची यादी, ॲडमिन-ॲडमिन यासारखे. लोकांनी ते कधी बदललेच नव्हते. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून विकायला येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची सरकारी चाचणी सक्तीची झाली आहे, तेव्हा कॅमेरा घेताना बिल आणि त्या प्रमाणनाबद्दल विचार. फार स्वस्तातला जुना साठा गळ्यात मारू देऊ नकोस.

कॅमेरे बसवणारा मुलगा शेवटी म्हणेल, "आपका मोबाइल दीजिए, मैं ॲप चालू कर देता हूँ." इथे बहुतेक घरं फसतात. तो आपल्याच नंबरावर किंवा ईमेलवर खातं उघडतो आणि तुम्हाला नुसतं शेअर करून देतो. मालक तो, तुम्ही पाहुणे. तो दुकान सोडून गेला तरी तुमचं गेट त्याच्या फोनवर दिसत राहतं. म्हणून खातं तुझ्याच नंबरावर, तुझ्याच हाताने उघड. त्याचं काम संपून तो चहा पिऊन गेला की त्याच संध्याकाळी एनव्हीआरचा, प्रत्येक कॅमेऱ्याचा आणि राउटरचा पासवर्ड बदल, लांबलचक ठेव, आणि तो एका वहीत लिहून दागिन्यांच्या कपाटात ठेव. जावईबापूंना सांग, पण बाकी कुणाला नको.

आता एवढं कर. येत्या रविवारी घराचा नकाशा आणि मुलांच्या रंगीत पेन्सिली घेऊन साइटवर जा. विजेचे पॉइंट निळ्याने, इंटरनेटचे लाल रंगाने, कॅमेऱ्यांचे हिरव्याने दाखव. नकाशाचा फोटो मला पाठव, मी पाहीन आणि फोन करीन. पाइप बसले की गिलावा चढायच्या आधी, जवळ मोजपट्टी धरून, प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेव. आणि तारा ओढून झाल्या की केबल टेस्टरवर एक ते आठ सगळे दिवे लागलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इलेक्ट्रिशियनचे शेवटचे पैसे देऊ नकोस.