माया ठेवलेली ॲप्स

प्रश्न : माझा नातू सुट्टीला आला आणि त्यानं माझ्या फोनमधली निम्मी ॲप्स काढून दुसरीच घातली. "आजी, ही ओपन सोर्स आहेत. जाहिरात येणार नाही, पैसेही पडणार नाहीत," म्हणाला आणि गेला पुण्याला. दोन महिने झाले, खरंच एकही जाहिरात आली नाही. पण मनात पाल चुकचुकते. वस्तू फुकट द्यायची, वर जाहिरातही दाखवायची नाही, मग या लोकांचं पोट कशावर चालतं? आणि यातली तुम्ही स्वतः कोणती वापरता?
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, शंका रास्त आहे. 'फुकट ते पौष्टिक' असं आपण हसत म्हणतो, पण फोनमध्ये फुकट आलेली वस्तू उलटूनपालटून बघावीच. २०१३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं एका विजेरीच्या ॲपवर कारवाई केली होती. कोट्यवधी लोकांनी ते घेतलं होतं. काम एवढंच, फोनचा दिवा लावायचा. पण दिवा लावता लावता माणूस कुठे उभा आहे हे ते जाहिरातवाल्यांना कळवत होतं. त्यांचं पोट कशावर चालायचं ते उघडच आहे. नातवानं घातलेल्या ॲप्सचा हिशोब निराळा, आणि तो समजून घ्यायला शिंप्याचं दुकान बरं पडेल.

ब्लाउज टाकताना तुम्ही सांगत असालच, "आत माया ठेवा हं." शिवणीच्या आत थोडं कापड राखलेलं असलं की दोन वर्षांनी उसवून सैल करता येतो. त्यासाठी मूळ शिंप्याकडेच जावं लागत नाही. त्यानं दुकान बंद केलं असेल, गाव सोडलं असेल, तरी कोपऱ्यावरचा दुसरा कुणी ते करून देतो. आपल्या फोनमधली बहुतेक ॲप्स माया न ठेवता शिवलेली असतात. प्रोग्रामरनं लिहिलेला मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कंपनीच्या कपाटात. आपल्या हाती येतं ते फक्त यंत्राला कळणारं रूप. ओपन सोर्स ॲपमध्ये तो कोड सगळ्यांपुढे मांडलेला असतो, आणि सोबत परवाना असतो : वाचा, बदला, बदललेलं दुसऱ्याला द्या. हा विचार प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला तेव्हापासूनचा. त्यांचा जीपीएल हा परवाना १९८९ चा. अशा सॉफ्टवेअरला इंग्रजीत 'फ्री' म्हणतात, आणि त्या एकाच शब्दात मोकळं आणि बिनपैशाचं हे दोन्ही अर्थ बसतात, त्यामुळे त्या लोकांची निम्मी हयात खुलासे करण्यात गेली. आपल्याकडे 'मुक्त' वेगळा आणि 'फुकट' वेगळा. बिचाऱ्यांना मराठी यायला हवं होतं.

आता पोटाचं. प्रत्येकाची चूल वेगळी आहे. नारिंगी शंकूचं चित्र असलेला व्हीएलसी तुमच्या फोनमध्ये असणारच. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा उद्योग, २००१ पासून मुक्त परवान्याखाली. रस्त्यावरचे शंकू उचलून आणायचा त्या पोरांना नाद होता, तेच चिन्ह झालं. आज त्यामागे ना-नफा संस्था आहे आणि ती देणग्यांवर चालते. जाहिराती घालण्यासाठी आलेले कोट्यवधी युरोंचे प्रस्ताव आपण नाकारले, असं व्हीएलसीचे प्रमुख झाँ-बातिस्त केंफ यांनी जाहीरपणे सांगितलंय. (२०२२ मध्ये आपल्याकडे व्हीएलसीचं संकेतस्थळ काही महिने बंद करण्यात आलं होतं. संस्थेनं कायदेशीर नोटीस पाठवल्यावर नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उघडलं.)

सिग्नलची गोष्ट आणखी गमतीची. व्हॉट्सॲपचे एक संस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी ती कंपनी सोडली आणि २०१८ मध्ये स्वतःचे ५ कोटी डॉलर घालून सिग्नलची ना-नफा संस्था उभी केली. तुमच्या व्हॉट्सॲपमधल्या निरोपांना जे कुलूप लागतं ना, ते सिग्नलच्याच कारखान्यातलं.  बिटवॉर्डन हे पासवर्ड सांभाळणारं ॲप आपल्यासारख्यांना फुकट देतं आणि कंपन्यांकडून पैसे घेतं. फायरफॉक्सच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलकडून येतो, शोधपेटीत गूगल ठेवण्याबद्दल. म्हणजे गूगलला पर्याय म्हणून जे घ्यायचं ते बरंचसं गूगलच्याच पैशावर जगतं. संसार असाच असतो. उरलेली कित्येक ॲप्स मात्र नोकरी सांभाळून संध्याकाळी लिहिणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाची असतात. तो थकला की ॲपही थकतं. फोन आणि संगणकातल्या फाइली जुळवून ठेवणाऱ्या सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये असंच थांबलं.

पण मायेचा उपयोग कळतो तो याच वेळी. फोटो, कॅलेंडर, फोनबुक यांसाठी 'सिंपल' नावाच्या साध्या, सुबक ॲप्सचा एक संच होता. त्यातली गॅलरी मी वर्षानुवर्षं वापरली. २०२३ च्या अखेरीस बनवणाऱ्यानं सगळा संच एका कंपनीला विकला. कंपनीची ख्याती अशी, की अशी ॲप्स घ्यायची आणि त्यांत जाहिराती आणि वर्गणी आणायची. त्यात बेकायदा काहीच नाही, मालकाचा माल. मात्र कोड आधीच मोकळा झालेला होता. त्याच प्रकल्पात काम केलेल्या एकानं तो उचलला, 'फॉसिफाय' असं नवं नाव दिलं आणि कारभार पुढे चालू ठेवला. मी जुनी गॅलरी काढली, फॉसिफाय गॅलरी घातली, फोटो जिथल्या तिथे होते. बंद ॲप विकलं गेलं असतं तर मी काय केलं असतं? नव्या मालकाची वर्गणी भरली असती, नाहीतर हात जोडून निघालो असतो.

नकाशांचंही तेच. मॅप्स डॉट मी हे ॲप एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकलं गेलं, तेव्हा ते मुळात घडवणाऱ्यांपैकी काहींनी त्याच्या मोकळ्या कोडवरून २०२१ मध्ये ऑरगॅनिक मॅप्स काढलं. पुढे त्यांच्यातही बिनसलं आणि २०२५ मध्ये कोमॅप्स वेगळं झालं. भाऊबंदकी इथेही आहे, फक्त वाटणीत दोघांनाही पूर्ण घर मिळतं.

मी काय वापरतो ते आता. पहिलं नाव याच ऑरगॅनिक मॅप्सचं. घरच्या वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही. भोरहून वरंध घाटाकडे जाताना रेंज जाते. शेजारी बसलेल्याचा फोन गोल गोल फिरत राहतो आणि माझ्यातला निळा बाण मुकाट वळणं घेत असतो. हा नकाशा येतो ओपनस्ट्रीटमॅपवरून, २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या, लोकांनीच भरलेल्या नकाशावरून. त्यामुळे जिथे फिरणारी मंडळी जास्त तिथे तो भरगच्च. गडांवरच्या कितीतरी पायवाटा त्यात आहेत. आणि जिथे कुणी भरलंच नाही, तिथे वाडीच्या वाडी कोरी. पुण्यात बाजीराव रस्त्यावर आत्ता किती गर्दी आहे, हे मात्र त्याला विचारू नका.

हे कोरेपण भरून काढायला स्ट्रीटकंप्लीट नावाचं ॲप आहे आणि त्याचा मला नाद लागलाय. संध्याकाळी फिरायला निघालं की ते नकाशात बारीक बारीक प्रश्न टाकतं. हा रस्ता डांबरी की काँक्रीटचा? हे दुकान किती वाजता उघडतं? आमच्या बागेत त्यानं विचारलं, या बाकाला पाठ आहे का? तेरा वर्षं त्या बाकावर बसतोय, तरी उठून मागे वळून बघावं लागलं. पाठ होती. तिच्यावर कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ असं कोरलेलंही होतं, ते मी पहिल्यांदाच वाचलं. 'हो' दाबलं की ते उत्तर नकाशात जातं. बाई, निवृत्तीनंतर रोज फिरायला जात असाल तर हे घ्याच. सांगलीत कृष्णाकाठच्या घाटांवर भरपूर काम मिळेल.

कीबोर्डकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर आपण टाइप केलेलं प्रत्येक अक्षर ज्याच्या हातून जातं असं ते एकच ॲप. मी हेलीबोर्ड वापरतो. ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे चुगली करायची सोय नाही. मराठी मांडणी आहे. बोलून टाइप करायची सवय असेल तर मात्र गूगलचा कीबोर्ड सरस आहे, हे कबूल करायला हवं.

बाकीची भराभर सांगतो. पॉडकास्टला अँटेनापॉड. ईमेलला थंडरबर्ड, जुनं के-नाइन मेल होतं तेच २०२४ पासून या नावानं आलं. किविक्समध्ये अख्खा मराठी विकिपीडिया फोनवर उतरवून ठेवता येतो, एसटीच्या प्रवासात उत्तम. फोनवरचे फोटो त्याच वायफायवरच्या संगणकावर टाकायला लोकलसेंड. कागद स्कॅन करायला ओएसएस डॉक्युमेंट स्कॅनर. याच्याकडे वळायला एक निमित्त घडलं. आमच्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त मी दुसऱ्या एका फुकट ॲपनं स्कॅन केलं होतं. प्रत्येक पानावर, सचिवांच्या सहीच्या अगदी खाली, त्या ॲपचं नाव छापून आलं. जणू तेही सभेला हजर होतं.

आणि जे जमत नाही तेही ऐका. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स बंद कोडचीच आहेत, तिथे पर्याय शोधत बसू नये. व्हॉट्सॲपही मी काढलेलं नाही. सिग्नलवर माझे चार मित्र आहेत, भाजीवाला, दूधवाला आणि भावंडांचा गट व्हॉट्सॲपवर.

प्रश्न : कोड उघडा असतो म्हणून ॲप सुरक्षित, असं सगळे म्हणतात. पण तो वाचतो कोण? मी तर नाही वाचत.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर

उत्तर : मीही नाही वाचत. उघडं दार म्हणजे कुणी आत डोकावलंच असं नाही, डोकावता येतं एवढंच. याचं अलीकडचं उदाहरण मार्च २०२४ चं. एक्सझेड नावाचा, फाइली आवळून लहान करणारा एक छोटा मुक्त प्रोग्राम लिनक्सच्या असंख्य संगणकांत असतो. कुणीतरी टोपणनावानं दोनेक वर्षं इमानदारीत मदत करून त्याच्या एकट्या, थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला आणि मग आत चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसलं, की दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तो मागे लागला आणि गुंता उलगडला. या गोष्टीचे दोन्ही अर्थ खरे आहेत : कोड उघडा असूनही चोर शिरला, आणि उघडा होता म्हणून एका चिवट माणसाला तो पकडता आला.

तुझ्यापुरतं बोलायचं तर कोड वाचण्यापेक्षा ॲप कुठून घेतोस ते महत्त्वाचं. २०१० मध्ये सुरू झालेलं एफ-ड्रॉइड हे फक्त मुक्त ॲप्सचं दुकान. ते बहुतेक ॲप्स कोडपासून स्वतः तयार करून देतं, म्हणून तिथे नवी आवृत्ती थोडी उशिरा येते. एखाद्या ॲपमध्ये खटकणारं काही असेल तर तशी सूचनाही पानावरच लावतं. हेलीबोर्ड तिथे मिळेल. व्हीएलसी, सिग्नल, फायरफॉक्स, बिटवॉर्डन, अँटेनापॉड ही प्ले स्टोअरवरही आहेत, नवख्यानं तिथूनच घ्यावीत. कारण एफ-ड्रॉइड बसवताना फोन 'अज्ञात स्रोत' चालू करायला लावतो, आणि तशी परवानगी द्यायची सवय लागली की व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलन म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, त्याच वाटेनं आत येते आणि बँक खातं रिकामं करते. घरच्यांच्या फोनमध्ये काम झाल्यावर ती परवानगी आठवणीनं बंद कर.

गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय, की प्ले स्टोअरबाहेरच्या ॲप्सच्या निर्मात्यांनाही आपली ओळख त्यांच्याकडे नोंदवावी लागेल. सुरुवात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. चोरांना आळा बसेल असं गूगल म्हणतं. आमच्यासारखी छोटी दुकानं यात मोडतील, असा एफ-ड्रॉइडचा आक्षेप आहे. मला दोघांचंही पटतं, आणि भीती एफ-ड्रॉइड म्हणतं त्याची जास्त वाटते.

प्रश्न : आयफोनवाल्यांनी काय करायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एफ-ड्रॉइड, फॉसिफाय, हेलीबोर्ड विसरायचं. सिग्नल, फायरफॉक्स, बिटवॉर्डन, ऑरगॅनिक मॅप्स मिळतील. व्हीएलसीही मिळेल, पण त्याला तिथे वनवास घडला होता. ॲपलच्या दुकानाच्या अटी आणि जीपीएल परवाना यांचं जुळेना, म्हणून जानेवारी २०११ मध्ये ते काढलं गेलं. मग कोड लिहिणाऱ्या शेकडो जणांना एकेक करून गाठून परवाना बदलायची संमती घेत बसले, आणि जुलै २०१३ मध्ये शंकू परत आला.