नादारीच्या काळात बँकेतले खाते कुठे व कसे असावे?

स्मरणिका समितीच्या बैठकीत मला, "बँकेविषयी काहीतरी उपयोगाचे लिहा," असे सांगण्यात आले. बचतीचे महत्त्व, मुलींच्या नावे ठेव, असे विषय आजवर पुष्कळांनी हाताळले आहेत व ते योग्यच आहे. परंतु ज्याच्याकडे देण्याशिवाय काही उरलेले नाही, त्याने हातात येणारे चार पैसे कुठे ठेवावेत, हा विषय सहसा कोणी काढत नाही. दिवाळे निघालेल्या माणसाला बँकेची पायरी चढायचीही लाज वाटते. म्हणून मी मुद्दाम तोच विषय घेतला आहे. मी कलाशाखेचा पदवीधर आहे, वकील नाही. काउंटरवर बसून जे पाहिले आणि त्यापायी जे वाचावे लागले, तेवढ्याच आधारावर हे लिहीत आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. गृहस्थ आपल्याच मुरगुडातले. नाव सांगत नाही. मी त्यांना मामा म्हणतो. मामांचे शिवणकामाचे दुकान होते, तीन मशिनी होत्या आणि शाळांच्या गणवेशावर धंदा चालायचा. मशिनी व कापड यांसाठी, मी तेव्हा ज्या बँकेत होतो तिथूनच त्यांनी कर्ज काढले होते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. शाळा बंद म्हणजे गणवेश बंद. हप्ते थकत गेले, दुकान मोडले आणि पुढे मामा कोल्हापुरात एकाकडे पगारावर शिवायला जाऊ लागले. मालकाने पगारासाठी खाते नंबर मागितला. मामांचे खाते एकच, कर्ज असलेल्या बँकेतले. त्यांनी मला विचारले, "भाच्या, दुसरीकडं खातं काढू काय?" मी म्हणालो, "कशाला मामा? हितं मी हाय की."

तिसऱ्या महिन्याचा पगार जमा झाला त्याच दिवशी तो वरिष्ठांच्या आदेशाने थकबाकीत वळता झाला. रक्कम ७,४०० रुपये. व्हाउचर माझ्याच अक्षरातले होते. दुपारी मामा स्लिप भरून काउंटरवर आले. मुलाच्या वसतिगृहाची मेस भरायची होती. मी पासबुक छापून दिले. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "माझं पैसं कुठं गेलं?" मला उत्तर देता आले नाही. मामा विचारत होते तेव्हाच मला कायदा ठाऊक होता, पण आपल्या बँकेचे खाते दुसरीकडे जाऊ नये एवढाच विचार मी केला होता.

वास्तविक बँकेने बेकायदा काही केले नव्हते. आधी नोटीस दिली होती. ती इंग्रजीत असल्यामुळे मामांनी घडी करून पासबुकाच्या कव्हरात ठेवून दिली होती.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७१ व्या कलमाने बँकेला धारणाधिकार दिलेला आहे. शिवाय एकाच माणसाचे एका खात्यात घेणे व दुसऱ्या खात्यात देणे असेल, तर बँक ते एकमेकांत वळते करू शकते. कर्ज थकलेले असले आणि बचत खाते त्याच बँकेत असले, तर त्या खात्यात पडणारा पैसा आपला आहे असे समजून चालू नये. पतसंस्थेतली पिग्मी व ठेव यांचेही तसेच. यासाठी पहिली गोष्ट ही की, जिथे आपले कर्ज नाही आणि जिथे आपण कोणाला जामीनही नाही, अशा ठिकाणी खाते असावे. जामिनाचे मुद्दाम सांगतो. करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आपल्याकडे पाहुण्याच्या शब्दाखातर पतसंस्थेत सही करून विसरून जाणारे पुष्कळ आहेत.

शाखा बदलून काही होत नाही. मुरगूडची शाखा सोडून निपाणीच्या शाखेत गेले तरी बँक तीच. बँकांच्या विलीनीकरणामुळे तर आणखी एक गोम झाली आहे. १ एप्रिल २०१९ रोजी देना व विजया या बँका बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट कॅनरात, आंध्र व कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत गेली. जुने कर्ज सिंडिकेटचे आणि नवे खाते कॅनरात काढले, तर आपण फिरून त्याच दारात उभे राहिलो. जुनी कागदपत्रे काढून बँकेचे आजचे नाव काय, हे आधी पाहावे.

पोस्टातले बचत खाते अशा वेळी मला बरे वाटते. किमान ५०० रुपये ठेवावे लागतात एवढेच. आपले बँकेचे कर्ज पोस्टाकडे नसते, त्यामुळे वळते करण्याचा प्रश्न येत नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेसारख्या पेमेंट्स बँकांना तर कर्ज देण्याची परवानगीच नाही. नेहमीच्या बँकेत जायचे असेल तर शून्य शिलकीचे खाते मागावे. रिझर्व्ह बँकेने २०१२ साली मूलभूत बचत ठेव खाते सर्व बँकांना बंधनकारक केले. जनधन खाती २८ ऑगस्ट २०१४ पासून सुरू झाली, तीही याच जातीची. किमान शिलकीची अट नाही, त्यामुळे दंड कापला जात नाही आणि महिन्यातून निदान चार वेळा पैसे काढता येतात. "सिबिल खराब आहे, आता खाते कोण देणार?" असे मला कितीतरी जणांनी विचारले आहे. सिबिल हे कर्ज मागताना पाहतात. बचत खात्याला ओळखीचा व पत्त्याचा पुरावा पुरतो.

पतसंस्थेत मात्र या काळात पैसा साठवू नये असे माझे मत आहे. बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. आधीच बुडालेल्या माणसाने दुसऱ्यांदा बुडण्याची जोखीम घेऊ नये.

आता प्रत्यक्ष नादारीकडे वळू. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्याला कर्जापायी कैदेत टाकणे त्या कायद्याने थांबले, आणि ५० रुपयांवर देणे असणाऱ्याला नादारीचा अर्ज करण्याची वाट मिळाली. आपले कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. आज आपल्या भागात सामान्य माणसाला लागू आहे तो १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. २०१६ ची नवी दिवाळखोरी संहिता सर्वांना ऐकून माहीत आहे. पण तिच्यातला व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. शिंपी, दुकानदार, नोकरदार यांच्यासाठी शंभर वर्षांपूर्वीचा कायदाच आहे.

या कायद्याखाली अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा ज्या दिवाणी न्यायालयाला तसे अधिकार दिले असतील तिथे करावा लागतो. न्यायालयाने नादार ठरवले की माणसाची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. मुक्ततेचा हुकूम होईपर्यंत नव्याने मिळणारी मालमत्ताही त्यात येते. म्हणून नवे खाते लपवू नये. यादीत ते लिहावे, पासबुक दाखवावे. लपवले तर शिक्षा होऊ शकते. बायकोच्या किंवा भावाच्या खात्यावर रक्कम सरकवण्याचा सल्ला कट्ट्यावर सर्रास मिळतो. परंतु मोबदल्याशिवाय दिलेली वस्तू वा रक्कम दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाल्यास न्यायालय परत मागवू शकते. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच घेणेकऱ्याला झुकते माप देऊन भागवले, तरी तो व्यवहार रद्द होऊ शकतो. विनयपिटकाच्या महावग्गात ऋणकऱ्याला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. घेणेकऱ्यांना चुकवून एक जण संघात शिरला, त्यावरून तो झाला. वेगळे खाते काढणे आणि पैसा दडवणे यांतला फरक आपल्या वाचकांना यावरून कळावा.

याच कायद्याचे ७२ वे कलम खाते निवडताना फार महत्त्वाचे आहे. मुक्तता न झालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता कोणाकडून ५० रुपये किंवा अधिक उधार घेतले, तर तो गुन्हा आहे. आज ५० रुपयांत एक चहा-नाश्ता होतो, पण आकडा बदललेला नाही! म्हणून खाते असे घ्यावे की ज्यात उणे शिल्लक होऊच शकत नाही. जनधन खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे, ती घेऊ नये. क्रेडिट कार्ड कोणी फुकट देत असला तरी सही करू नये.

काही पैसा व वस्तू यांना मात्र कायद्याचे कवच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाप्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. मजुरांची मजुरी, सरकारी पेन्शन, भविष्यनिर्वाह निधी, पीपीएफ आणि आयुर्विम्याची रक्कम यांनाही संरक्षण आहे. पगाराचे पहिले १,००० रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीबाहेर राहतात. पेन्शन व ग्रॅच्युइटी मुदत ठेवीत टाकली तरी तिचे संरक्षण जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निवृत्ताच्या खटल्यात दिला. तथापि माझा अनुभव असा की, एकाच खात्यात पेन्शन, भाजीचे पैसे, पाहुण्याची उसनवारी सगळे मिसळले की कोणता रुपया कशाचा, हे सिद्ध करता करता माणूस थकतो. पेन्शनच्या खात्यात पेन्शनच येऊ द्यावी. पासबुकच मग पुरावा होते.

नवे खाते काढले म्हणजे सगळे सुटले असे नाही. ऊसबिलातून सोसायटीची कपात कारखान्यातच होते; मालकाला पतसंस्थेने लिहून घेतलेली पगारकपातही खाते बदलून थांबत नाही. जुन्या खात्याचे कोरे चेक कोणाकडे तारण दिले असतील तर ते खाते बंद करूनही चेक न वटल्याची फौजदारी चुकत नाही. मोबाईल, फ्रीज यांचे हप्ते आपोआप कापण्याची संमती दिलेली असेल आणि खात्यात पैसे नसल्याने ते परत गेले, तर २००७ च्या कायद्याने तोही गुन्हा धरला आहे. तेव्हा जुन्या खात्याकडे पाठ फिरवू नये. बँकेला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी, सावकारांना सांगावे.

आणखी एक, जे आमच्या शाखांतही अनेकांना सांगितले जात नाही. सरकारी अनुदानाचे पैसे खाते नंबरावर नव्हे, तर आधार ज्या बँकेशी शेवटचे जोडले असेल तिथे जातात. नवे खाते काढले आणि आधार जुन्याच बँकेशी जोडलेले राहिले, तर शिष्यवृत्ती, गॅसचे अनुदान, लाडक्या बहिणीचे पैसे थकबाकीच्या खात्यातच पडणार. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे पैसे कर्जापोटी कापल्याच्या तक्रारी आल्या व राज्य सरकारला बँकांना सूचना द्याव्या लागल्या. सूचनेची वाट पाहण्यापेक्षा आधार-जोडणीचा फॉर्म त्याच दिवशी भरावा.

मामांचे पुढे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना दुसऱ्या बँकेत घेऊन गेलो आणि शून्य शिलकीचे खाते काढून दिले. पगार तिकडे वळला. नादारीचा अर्ज करावा असे त्यांच्या मनात होते. कागलला तालुका विधी सेवा समितीकडे गेलो. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असले तरी, १९८७ च्या कायद्याने तिथे मोफत वकील मिळतो आणि १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातीत समावेश आहे. दाखला तेवढा लागतो. वकीलसाहेबांनी सगळे समजावले. मामांनी एकच विचारले, "माझं जामीनदार सुटत्यात काय?" एक जामीनदार त्यांचा साडू, दुसरे एक शिक्षक. वकील म्हणाले, नाही. नादार मुक्त झाला तरी जामीनदार मुक्त होत नाही. मामांनी अर्ज केला नाही. त्यांचे दुसरे कर्ज नव्हते, म्हणून हे जमले. दर महिन्याला नव्या खात्यातून १,००० रुपये काढून ते स्वतः कर्जाच्या खात्यात भरत आणि पावती त्या इंग्रजी नोटिशीच्याच घडीत ठेवत. पुढे बँकेने एकरकमी तडजोड केली. मशिनी विकून व साडूकडून थोडे घेऊन त्यांनी ती भागवली. ज्याची पाच-सहा ठिकाणी देणी आहेत आणि जप्ती दारात आहे, त्याला मात्र मी अर्जच करा असे सांगेन. तिथे महिना हजाराने काही निभत नाही.

यासंबंधी कोणाला काही विचारायचे असल्यास रविवारी वंदनेनंतर मी विहारात असतो. येताना सर्व पासबुके, आधार कार्ड, जातीचा दाखला आणि बँकेकडून आलेले प्रत्येक पत्र, वाचता येत नसले तरी, न फाडता आणावे.