शहराचा पैसा आणि पोरांचे मैदान

कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथे १९२६ साली खाशाबा जाधव जन्मले. वडील पैलवान. घरातच कुस्तीचा नाद. पुढे खाशाबा शिकायला कोल्हापूरला गेले.

कोल्हापुरात पेठोपेठी तालमी होत्या. खासबाग मैदान होते. ते राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतले. १९१२ साली ते पुरे झाले. मधे तांबड्या मातीचा आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक. मागे बसलेल्यालाही कुस्ती दिसते. राज्य चालवणाऱ्याने मनावर घेतले, म्हणून खेड्यातल्या पोरांना शहरात कुस्तीची जागा मिळाली.

१९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तिथे कुस्ती मातीत नव्हती, गादीवर होती. खाशाबांना गादीची सवय नव्हती. तरी त्यांचा सहावा नंबर आला.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे होते. पैसा कुठून आणायचा? लोकांनी वर्गणी काढली. त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझ पदक आणले. स्वतंत्र भारतातल्या एकट्या खेळाडूचे ते पहिले ऑलिंपिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्या लावून कर्ज फेडले.

आता विचार करा. एका गुणी पोरासाठी वर्गणी निघाली, घर गहाण पडले. पण ज्यांना पदक मिळणार नाही, नुसते संध्याकाळी खेळायचे आहे, अशा शंभर पोरांसाठी कोण घर गहाण ठेवील? पैसेवाल्याचा मुलगा क्लबात जाईल. चाळीतल्या, झोपडीतल्या मुलाने कुठे जावे? शहरात मोकळी जागा सोन्याच्या भावाने जाते. ती एकट्यादुकट्याला राखता येत नाही. सर्वांच्या पैशानेच ती राखावी लागते.

कोणी म्हणेल, "अहो, नळाला पाणी न्हाई, आन् मैदान कशापायी?"

बोलणे खरे आहे. कायदाही तेच सांगतो. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यात दोन तऱ्हेची कामे आहेत. पाणी, गटारे, झाडलोट ही कामे केलीच पाहिजेत. मैदाने, बागा, पोहण्याचे तलाव ही कामे पालिकेला करता येतात. म्हणजे आधी पाणी, मग मैदान. पण 'करता येते' याचा अर्थ 'करू नये' असा नव्हे. लोकांनी मागितले नाही, तर असे काम मागेच राहते. तोवर मोकळ्या जागेवर इमारत उठते. नळ पुढच्या वर्षी घालता येईल. गेलेली जागा परत येत नाही.

मात्र पैसा कसा खर्च होतो ते पाहावे. एकच मोठे क्रीडांगण बांधले, कुलूप लावले आणि वर्षातून चार सामन्यांना उघडले, तर पोरांना काय लाभ? त्यापेक्षा वस्तीजवळ लहान मैदाने बरी. कबड्डीला, खो-खोला सपाट जमीन पुरते. म्हणून खर्चाआधी विचारावे : मैदान सर्वांना खुले आहे का? मुलींना खेळायला वेळ राखला आहे का? रोजची देखभाल कोण करील? लग्न-मांडवासाठी ते भाड्याने तर जाणार नाही ना?

"हे शहराचं झालं, आमचं काय?" असे म्हणू नका. आपलीच पोरं शिकायला, कामाला शहरात जातात. शिवाय १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातही आखाडे व खेळाच्या जागा हे पंचायतीचे काम म्हणून लिहिले आहे. पंचायतीचा पैसा आपलाच पैसा आहे. पुढच्या ग्रामसभेला जा. गावाची मोकळी जागा कोणती, ते विचारा. ती पोरांसाठी राखायला सांगा.

प्रश्न
१. लंडनला खाशाबांना कोणती अडचण आली?
२. पालिकेने कोणती कामे केलीच पाहिजेत?
३. तुमच्या गावात मुलामुलींना खेळायला जागा आहे का? तिची देखभाल कोण करतो?