पाइपाच्या सोल्यूशनने बंपर का चिकटत नाही?

प्रश्न : खांबाला घासून माझ्या गाडीच्या मागच्या बंपरला वीतभर तडा गेला. घरात पाइपलाइनचं सोल्यूशन होतं, ते लावलं, सुटलं. मग इपॉक्सी मळून भरली, तीही निघाली. पाइपही प्लास्टिकचा आणि बंपरही, मग असं का? घरी दुरुस्त करता येईल का?
– एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : दोन्ही प्लास्टिकच, पण कूळ वेगळं. पाइप पीव्हीसीचा. सोल्यूशनमधला द्रावक पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन्हीकडचे रेणू एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. आजच्या बहुतेक मोटारींचा बंपर पॉलिप्रॉपिलीनचा असतो. लवचीकपणासाठी त्यात ईपीडीएम रबर आणि ताठपणासाठी टाल्कची पूड मिसळतात. पॉलिप्रॉपिलीन साध्या तापमानाला असं विरघळत नाही. त्याचा पृष्ठभाग मेणचट, त्यामुळे इपॉक्सीही नीट पकड घेत नाही आणि बंपर थोडा वाकला की तिचा कडक थर सुटतो.

खानदेशातल्या शेतकऱ्याच्या हाताला हा फरक ठाऊक आहे. पीव्हीसीची लाइन तो सोल्यूशनने जोडतो. केळीतली ठिबकची नळी पॉलिथिलीनची, तिला मात्र जॉइनरच लावतो. एचडीपीईचे मोठे पाइप तोंडं तापवून जोडले जातात. बंपर याच दुसऱ्या गटातला. जळगावच्या प्लास्टिक चटयाही दाणा वितळवून काढलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्याच. तेव्हा तडा सांधायचा तर चिकटवायचा नाही, वितळवून जोडायचा.

हे काम घरी होतं. आधी बंपर काढून आतली बाजू बघा. तिथे इंग्रजीत पीपी, ईपीडीएम अशी अक्षरं उठवलेली असतात. एबीएस असेल तरी रीत हीच, पण भराव एबीएसचाच हवा. आधीचं सोल्यूशन आणि इपॉक्सी पूर्ण खरवडून काढा, साबणाने धुऊन वाळवा. तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा. त्याने तडा पुढे सरकत नाही. बाहेरून चिकटपट्टी लावून दोन्ही कडा जुळवा आणि आतून तड्यावर इंग्रजी व्हीसारखी खाच पाडा.

आता सोल्डरिंग आयर्न. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि आयर्नचं टोक त्याहून खूप तापतं, म्हणून एका जागी थांबू नका. धूर निघाला तर प्लास्टिक जळतंय, आणि जळलेला सांधा ठिसूळ होतो. आतल्या बाजूला स्टीलची बारीक जाळी वितळलेल्या प्लास्टिकमध्ये दाबून बसवा आणि वर भराव द्या. भरावासाठी बंपरच्याच आतल्या, न दिसणाऱ्या कडेची पट्टी कापा. चटईचा तुकडा वापरू नका. त्यात बंपरच्या प्लास्टिकातलं रबर नसतं. काम उघड्यावर, तोंडाला मास्क लावून करा. आतली बाजू थंड झाली की बाहेरून उथळ खाच पाडून तशीच भरा.

नुसता पोचा असेल, तडा नसेल, तर उकळतं पाणी ओतून आतून हातमोजा घालून दाबा. बऱ्याचदा पोचा वर येतो. गॅसच्या ज्योतीवर बंपर कधीही धरू नका.

रंगाआधी पॉलिश पेपर मारा, प्लास्टिकसाठीची लवचीक पुटी लावा आणि प्लास्टिक प्रायमर विसरू नका. तो नसेल तर रंगाचे पापुद्रे सुटतात. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर मिळतो. मे महिन्यातल्या दुपारी, लू चालू असताना फवारणी करू नका. थिनर हवेतच उडतो, रंग खरखरीत बसतो आणि धूळ चिकटते. सकाळची सावलीतली वेळ उत्तम.

मात्र बंपर गाडीला धरून ठेवणारे कान तुटले असतील, मागचा फोम किंवा लोखंडी पट्टी दबली असेल, किंवा सेन्सरच्या जागेपाशीच तडा असेल, तर गॅरेज गाठा. बाहेरचं प्लास्टिक गाडीला रूप देतं. धडक झेलायचं काम त्याच्या मागच्या भागांचं आहे, आणि तिथे घरगुती जुगाड चालत नाही.