खानदेशातील समुद्र



गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने वर्गात उठून प्रश्न केला, "सर, सुटीत आम्ही मालवणास जाणार आहोत. तेथून पोवळ्याचा एक तुकडा आणून घरी काचेच्या टाकीत मिठाच्या पाण्यात लाविला, तर तो वाढेल काय?" वर्ग हसला, परंतु आम्हांस हसू आले नाही. जळगाव कोठे आणि समुद्र कोठे! मध्ये शेकडो किलोमीटरांची काळ्या दगडाची भूमी. तरीही ह्या प्रश्नात रसायन, भौतिक व जीव ही तिन्ही शास्त्रे एकत्र आली आहेत; म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहो.

प्रथम पोवळे म्हणजे काय ते पाहू. ते दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. असंख्य इवल्या प्राण्यांचे ते वसतिस्थान होय. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन आपले घर बांधितात. त्यांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करिते व त्याचा मोठा वाटा आपल्या यजमानास देते. पाणी फार तापले म्हणजे हा सहवास तुटतो, शैवाल निघून जाते आणि पोवळे पांढरे पडते. १९९८ साली जगातील अनेक समुद्रांत असे घडले. आपल्या लक्षद्वीपची पोवळीही त्यातून सुटली नाहीत.

ह्यास्तव समुद्रातून पोवळे आणण्याचा विचार मनातून काढून टाकावा. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. ज्या अनुसूचीत वाघ, त्याच अनुसूचीत पोवळे! मग उरते काय? वाळू, दगड, खारे पाणी व पैदाशीचे मासे ह्यांची टाकी. तीही काही लहान गोष्ट नव्हे.

आता पाणी. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत आपल्या स्वयंपाकघरातील मिठाचा भाग सर्वांत मोठा असला, तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम व गंधकाचे क्षारही असतात. म्हणून निव्वळ खाण्याचे मीठ चालत नाही. समुद्री टाकीसाठी तयार केलेले क्षारमिश्रणच घ्यावे लागते. विंधन विहिरीचे जड पाणीही उपयोगी नाही. शुद्ध केलेले पाणी हवे. टाकीत १६० लिटर पाणी असेल तर क्षार किती? १६० गुणिले ३५, म्हणजे ५,६०० ग्रॅम. पाणी, काच, वाळू व दगड मिळून वजन २०० किलोंच्या वर जाते; तेव्हा टाकी डळमळीत मेजावर ठेवू नये, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

पुढील पाठ आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही अशी टाकी मांडिली. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसत होते. म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यात तीन मासे सोडिले. आठवड्याच्या आत तिन्ही मेले. घरातील मुले रडली, आणि आम्हांस पदवीधर म्हणवून घेण्याची लाज वाटली. चूक कोणती? माशांच्या विष्ठेतून व उरल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो, व तो माशांस विषासारखा मारक असतो. एका जातीचे सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करितात, व दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करितात. ह्या जंतूंचे कार्य विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उलगडून दाखविले. आपल्या शेतकऱ्याच्या शेणखताचे सोने करणारे जंतू ह्याच कुळातले. नव्या टाकीतील दगडावाळूत त्यांची वसाहत होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडा अमोनिया पुरवून पाणी तपासीत राहावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावाचून एकही मासा आणू नये. डोळ्यांस स्वच्छ दिसते ते सर्व निर्मळ असतेच असे नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

खानदेशात सर्वांत मोठा शत्रू उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा कित्येकदा ४३ अंशांवर चढतो, आणि टाकीचे पाणी २५ ते २७ अंशांच्या आसपास असावे लागते. येथे आपला माठ गुरू होतो. माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते, आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. पाण्यावर लहानसा पंखा सोडिल्यास तेच घडते. १६० लिटरांतून १ लिटर पाण्याची वाफ झाली, तर उरलेले सुमारे साडेतीन अंशांनी निवते. मात्र बाहेरची उष्णता सतत आत येत असल्याने पंखा चालूच ठेवावा लागतो. आपली कोरडी हवा येथे उपकारक ठरते. परंतु वाफ होऊन जाते ते पाणी. क्षार मागेच राहतात. ५ लिटर पाणी आटले की लिटरमागे ३५ ग्रॅमांचे ३६ हून अधिक होतात. म्हणून आटलेले पाणी रोज गोड्या शुद्ध पाण्याने भरून काढावे, खाऱ्या पाण्याने नव्हे. वीज गेली तरी पाण्यात हवा खेळत राहावी, ह्यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्यावा.

आता मासे. शक्यतो पैदास केंद्रातले घ्यावेत. महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने ऐरोली येथे शोभिवंत सागरी माशांचे असे केंद्र उभारले. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा नवशिक्यास बरा. तो काटक असून कृत्रिम खाद्य खातो.

शेवटी एक इतिहास सांगतो. इंग्लंडात फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली समुद्री टाकीवर ग्रंथ लिहिला. तो इतका लोकप्रिय झाला की लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यावर धावले, आणि खडकांमधील सुंदर जलकुंड थोड्याच वर्षांत ओसाड झाले. ज्या शोभेचे त्याने वर्णन केले, तिचा नाश आपल्याच वाचकांच्या हातून होताना त्याला पाहावा लागला. त्याचा हेतू वाईट नव्हता. तरीही हे घडले.

आमचा विद्यार्थी मालवणास जाऊन आला. त्याने पोवळे आणिले नाही. वहीत किनाऱ्यावरील प्राण्यांची चित्रे काढून आणिली. आता त्याच्या घरी टाकी मांडिली आहे. तीत पाणी, वाळू व दगड एवढेच आहेत, आणि तो रोज पाणी तपासून आकडे लिहितो. मासा केव्हा येणार, असे शेजारी विचारितात. तो म्हणतो, "पाणी सांगेल तेव्हा." आम्हांस वाटते, हे उत्तर अर्धी विद्या होय, उरलेली अर्धी त्याची वही त्याला शिकवील.